साळूबाईचा मोठा टीव्ही

रानात वीज नुकतीच आली होती, तेव्हाची गोष्ट. साळूबाई साळिंदरिणीला मोठ्या पडद्याचा टीव्ही घ्यायचा होता, कारण लहान टीव्हीवरचा हत्तीसुद्धा तिच्या म्हाताऱ्या सासऱ्यांना मुंगीएवढा दिसे. पण टीव्ही आत न्यायचा म्हणजे बिळाचं तोंड उकरायचं आणि मग पुन्हा लिंपून टाकायचं. वस्तू भिकार निघाली तर जन्मभर उरावर! काळजीने तिचे काटे सकाळपासून उभे होते.

म्हणून ज्यांनी टीव्ही घेतला, त्यांनाच ती विचारत निघाली.

"आमचा? एक नंबर! डोळे झाकून घ्या," मोर म्हणाला. त्याच्या टीव्हीवर भरतकामाचं कापड होतं, कापडावर फुलदाणी. "लावून दाखवता?" "छे! धूळ बसते."

"आमच्यासारखा रानात नाही," कोल्हीणबाई म्हणाली. तिची पोरं मात्र अंगणात पत्ते कुटत होती.

साळूबाईचं डोकं भणाणलं. सगळेच खूश, मग घ्यायचा कुणासारखा?

अस्वलाच्या गुहेशी तिने हाका मारल्या, पण कुणी ओ देईना. ती आत शिरली, तर आजोबांपासून तान्ह्या पिल्लापर्यंत सगळे कुस्ती बघण्यात गर्क.

"टीव्ही कसा आहे हो?" साळूबाईने विचारलं.

"ते नंतर!" अस्वलीण खेकसली. "आधी समोरून बाजूला सरका!"

साळूबाईचे काटे अलगद मिटले. दुसऱ्याच दिवशी तिने बिळाचं तोंड उकरायला घेतलं.

आता तिच्या दारातही कितीही हाका मारा, कुणी ओ देत नाही.