सॅक्सोफोनवाली डॉक्टर

डॉ. इव्हेट परेरा दिवसा रुग्णांना भूल देई आणि संध्याकाळी जॅझच्या मैफलीत सॅक्सोफोन वाजवी. या धावपळीत तिच्या जिवाला क्षणभर स्वस्थता नसे.

एकदा ऐन शस्त्रक्रियेत बडे सर्जन डॉ. रणदिवे सगळ्यांसमोर कडाडले, "एक ना धड, भाराभर चिंध्या! तो बाजा सोडा, नाहीतर हे रुग्णालय सोडा."

इव्हेट बोलणार तोच दचकली. "थांबा सर, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा सूर उतरतोय!"

यंत्राच्या पडद्याकडे न बघताच तिने श्वासाची दुमडलेली नळी सरळ केली. रुग्ण वाचला.

मग ती म्हणाली, "सर, हा सूर डॉक्टरने ऐकला की सॅक्सोफोनवालीने? जिने ऐकला नाही, तिला खुशाल काढा."

रणदिवे टाके घालू लागले.