लिंबाजीचं मानाचं पान

पिंपरूळ गावाला दोन व्यसनं होती. एक तंबाखू, दुसरं पैजा. वाकळे महाराज गावात आले आणि बहिरोबाच्या देवळात उतरले, तेव्हा गावानं पहिल्याच दिवशी पैज लावली, की भर उन्हात वाकळ पांघरून बसलेला हा बाबा संध्याकाळपर्यंत ती काढतो की नाही! महाराजांनी काही वाकळ काढली नाही. हरलेल्यांना देवळाचं अंगण सारवावं लागलं. महाराज हसून म्हणाले, "असेच हरत जा रे. देऊळ स्वच्छ राहील."

त्या वर्षी चैत्रात महाराजांनी भंडारा ठरवला. पंगतीतलं पहिलं पान मानाचं, आणि ते कुणाला मांडायचं ते महाराज सांगणार. झालं! बळवंतराव चौगुल्यांच्या ओट्यावर पैजेला तोंड फुटलं.

"पान माझंच," बळवंतराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "देवळाला घंटा कुणी दिली? भंडाऱ्याचा गहू कुणाच्या कणगीतला?"

"आणि लिंबाजीला बसवलं तर?" शेजारचा तात्या तेली बोलला. ओटा खदखदून हसला.

हसण्यासारखंच होतं म्हणा. लिंबाजी नदीकाठी राहायचा. गावात कुणीही मरो, ज्याला कुणी नाही त्याच्यासाठी तर नक्कीच, हा बांबू घेऊन हजर. तिरडी बांधायची, खांदा द्यायचा, नदीवर अंघोळ करून मुकाट्यानं घरी जायचं. राघू गवंडी आणि हैबती हे दोघं त्याच्या जोडीला. कुणी बोलावलेलं नाही, कुणी सांगितलेलं नाही. आणि गावानं त्याचे पांग कसे फेडले? तर लग्नाच्या मांडवात त्याचं तोंड दिसू नये म्हणून दारात माणूस उभा करून!

नेमका तेव्हाच तो खांद्यावर बांबू घेऊन ओट्यासमोरून निघाला होता.

"काय रे लिंबा, आज कुणाचं वऱ्हाड?" बळवंतरावांनी हाळी दिली.

"कुणाचं नाही मालक. ओले आहेत, वाळत घालतो."

"लांबून जा. तुझा वारा नको आमच्या अंगावर."

लिंबाजी मान खाली घालून पलीकडच्या कडेनं गेला. आतून बळवंतरावांच्या आईचा, जिजींचा आवाज आला, "लिंबा, भाकरी बांधून ठेवलीय रे, मागच्या दारानं ये."

बळवंतराव चिडले. "ऐक तात्या! ह्या लिंबाला पहिलं पान मिळालं, तर मी डोईचं पागोटं कमरेला बांधून अख्ख्या गावाची उष्टी पानं उचलीन. आणि मला मिळालं, तर तू वेशीवर चढून कोंबड्यासारखं आरवायचं."

"आरवीन की. घसा तयारच आहे," तात्या म्हणाला.

पण मंडळी, भंडारा राहिला बाजूला. गावात पटकी शिरली.

पहिल्या आठवड्यात सात माणसं गेली. दुसऱ्यात किती, ते सांगायलाही कुणी भेटेना. अर्धं गाव मळ्यात पळालं, अर्धं दारं लावून बसलं. सख्खा भाऊ भावाला शिवेना. गल्लीतून एकच आवाज यायचा, बांबूवर दोरी आवळल्याचा. लिंबाजी, राघू आणि हैबती सकाळी न्यायचे, दुपारी न्यायचे. मग राघू गेला. त्याला उरलेल्या दोघांनी नेलं. मग हैबती गेला. त्याला लिंबाजीनं पाठीवर घेऊन नेलं.

आणि एका पहाटे जिजी गेल्या.

बळवंतराव भाऊबंदांच्या दारोदार फिरले. कड्या वाजवल्या, नावं घेऊन हाका मारल्या. आत माणूस आहे, कण्हतंय, कुजबुजतंय, पण दार काही उघडत नाही. गडी माणसं रात्रीतच पळालेली. दुपार झाली. जिजी माजघरात तशाच. "बाळू, मला चांगली खांद्यावरून ने रे, गाडीत घालू नकोस," एवढंच त्यांनी शेवटी मागितलं होतं, आणि देवळाला घंटा देणाऱ्या लेकाला आईसाठी दोन खांदे मिळेनात! नदीकाठी जाऊन लिंबाजीला हाक मारावी, असं दहादा मनात आलं. पण कुठल्या तोंडानं?

शेवटी तात्या तेली आला. वाळकं हाडूक, त्यात कंबर धरलेली. "बळवंता, मी आहे. पण दुसऱ्या टोकाला कोण?"

"मी आहे की," मागच्या दारातून आवाज आला.

दारात लिंबाजी. खांद्यावर बांबू, हातात दोरी. "जिजी खोळंबल्यात मालक. चला."

बळवंतरावांना त्याच्याकडे मान वर करून बघवेना. लिंबाजीनं तिरडी बांधली, जिजींना आपल्या आईसारखं अलगद ठेवलं. मुलानं मडकं धरून पुढं चालायचं, त्यामुळं खांद्याला उरले दोघंच. "तात्या, तुम्ही पुढचे दांडे नुसते धरा. मागचे दोन्ही माझ्या दोन खांद्यांवर," लिंबाजी म्हणाला. ओसाड गल्लीतून तिघं निघाले. बंद दारांमागं कुणी रडत होतं, ते जिजींसाठी की आणखी कुणासाठी, कळायला मार्ग नव्हता. बळवंतराव मागं वळणार, तोच लिंबाजी म्हणाला, "मागं बघू नका मालक. मी आहे."

चिता पेटली. लिंबाजी अंघोळीला नदीत उतरला. नदीतून वर आलेला मात्र कुणी पाहिला नाही. धुरात कुणाचं लक्ष असणार?

जिजींनंतर गावात तिरडी बांधावी लागली नाही. पटकी आली तशी गेली. बळवंतरावांचं सुतक फिटलं, माणसं मळ्यांतून परतली आणि महाराजांनी राहिलेला भंडारा घातला. पळसाच्या पत्रावळी चैत्रातच लावून ठेवलेल्या होत्या. पंगत बसली, तरी केवढा तरी गठ्ठा उरला. त्या गठ्ठ्याकडे कुणी बघत नव्हतं.

गाभाऱ्यामागच्या खोलीतून महाराज बाहेर आले. हाताला धरून त्यांनी लिंबाजीला आणलं होतं. नुसता सापळा. महाराजांनी त्याला पहिल्या पानावर बसवलं. त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन पानं मांडली, वाढली, पण तिथं कुणाला बसू दिलं नाही. "हे राघूचं, हे हैबतीचं," महाराज म्हणाले.

बळवंतरावांची जुनी खोड उसळलीच! "महाराज, लिंबाजीनं माझ्या आईला नेलं, नाही म्हणत नाही. पण ते तो सगळ्यांचंच करतो. त्याला मानाचं पान म्हणजे..."

लिंबाजीचा घास हातातच राहिला. "मालक... जिजी गेल्या?"

त्यानं घास पानात ठेवला.

"कधी गेल्या? मला कुणी सांगितलंच नाही! हैबतीला नेलं आणि नदीवरच पडलो बघा. महाराजांनी उचलून इथं आणलं, त्याच्यापुढं मला दिवसरात्र कळली नाही. मालक, एक हाक मारायची होती. रांगत आलो असतो मी." आणि तो हमसून हमसून रडायला लागला.

बळवंतरावांनी तात्याकडं पाहिलं. तात्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "बळवंता," तो पुटपुटला, "मला त्या दिवशी दांड्याचं ओझंच लागलं नव्हतं रे."

महाराज लिंबाजीचे डोळे पुसायला वाकले आणि अंगावरची वाकळ घसरली. दोन्ही खांद्यांवर बांबूचे वळ. सोलून काढल्यासारखे, अजून ओले.

"महाराज, तुम्ही?" बळवंतराव पानावरून उठले.

"त्याची पाळी होती, तो पडून होता," महाराज वाकळ सावरत म्हणाले. "कुणीतरी जायला नको का, बाळू?"

बाळू! ह्या नावानं हाक मारणारं माणूस आता घरात नव्हतं. बळवंतराव महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराज मागं सरले. "इथं नको. तिथं."

आणि मंडळी, ज्याचा वारा अंगाला नको होता, त्या लिंबाजीच्या पायांवर बळवंतराव चौगुल्यांनी अख्ख्या पिंपरुळासमोर डोकं ठेवलं.

पंगत उठली. बळवंतरावांनी डोईचं पागोटं सोडलं, कमरेला करकचून बांधलं आणि पहिल्या पानाशी वाकले. कुणी हसलं नाही. तात्यासुद्धा नाही.

"राहू द्या मालक, द्या इकडं," म्हणत लिंबाजी सवयीनं उठायला लागला.

"बस रे लिंबा," बळवंतराव म्हणाले. "आज माझी पाळी आहे." आणि त्याचं उष्टं पान दोन्ही हातांनी उचलून, तिरडी उचलावी तसं अलगद, ते पुढच्या पानाकडं सरकले.