आठ सुपाऱ्या

"एकदा उद्यापन झालेलं व्रत पुन्हा धरता येतं का, माय?"

गिरिजामायने पोथीवरची नजर काढली नाही. वेण्णेकाठच्या त्या मठात दुपारच्या वेळी त्या मोठ्याने वाचत, आणि अध्याय संपेपर्यंत कोणी बोलत नसे. मालिनी आज अध्यायाच्या मध्येच बोलली होती.

"कुठलं व्रत?"

"ऋषिपंचमीचं."

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने ते धरलं होतं, सासूबाईंसमोर, हातात पाणी घेऊन. विटाळात कळत नकळत शिवाशिव झाली असेल, तिचा दोष फिटावा म्हणून. पुढे बत्तीस वर्षं त्या दिवशी बैलाच्या कष्टाचा दाणा तिने तोंडात घातला नाही. दोन्ही बाळंतपणांतही पंचमी चुकली नाही. मग पाळी गेली, तेव्हा सात सवाष्णी जेवायला घालून तिने उद्यापन केलं. आळीत असं उद्यापन कोणी केलं नव्हतं, हे ती अजूनही सांगत असे.

"उद्यापनाला किती वर्षं झाली?"

"सहा."

"मग आता काय झालं?"

मालिनीने पदर बोटाला गुंडाळला. सोडला. पुन्हा गुंडाळला.

"डाग दिसतो, माय…"

"कधी?"

तिने पदर सोडला, मांडीवरच्या निऱ्या सारख्या केल्या.

"मालिनी, कधी?"

"हे जवळ आले की."

गिरिजामायने पोथीवरची नजर काढली.

"या वयात…" मालिनीची मान खाली गेली. "तुम्ही म्हणाल, नातवंडं झाली आणि…"

"मी काही म्हणत नाही. देवाला तुझं वय ठाऊक आहे, नवऱ्याचंही ठाऊक आहे. किती दिवसांपासून?"

"चैत्रापासून. आधी चादरीवर ठिपका असायचा. आता दुसऱ्या दिवशीही राहतो. मी चार दिवस बाजूला बसते, देवाला हात लावत नाही. ह्यांना ओटीवर झोपायला सांगितलंय. ते बिचारे घाबरलेत. म्हणतात, माझ्या हातून तुला काही इजा झाली का?"

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, उद्यापनात खोट राहिली. सातवी सवाष्ण उशिरा आली होती, पानं वाढून झाली होती… ऋषींनी ते घेतलंच नाही. म्हणून विटाळ परत आला."

बोलता बोलता तिने पिशवीतून कहाणीची छोटी पोथी काढली, मांडीवर उघडली. शेजारी नवी कोरी सुपाऱ्यांची पुडी ठेवली. सात ऋषींच्या सात, अरुंधतीची एक.

"परवा पंचमी आहे. तुम्ही हो म्हणा, की आणखी सात वर्षं धरते. दुप्पट कडक धरते."

गिरिजामाय उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. देवाच्या फळीवरून त्यांनी एक कापडाची पुरचुंडी आणली. कापड जुनं होतं, गाठ काळी पडली होती. त्यांनी ती मालिनीच्या हातात दिली.

"सोड."

आत आठ सुपाऱ्या होत्या. किडलेल्या. बोट लावताच एकीचा भुगा झाला.

"या कोणाच्या?"

"कावेरीच्या. तू ज्या पाटावर बसलीस त्याच पाटावर ती बसली होती. तिनेही हेच विचारलं होतं. शब्द जवळजवळ हेच."

"मग?"

"मी म्हटलं, धर पुन्हा."

बाहेर नदीवर कोणीतरी धुणं आपटत होतं.

"पहिल्या वर्षी ती चालत आली. दुसऱ्या वर्षी नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून आली. इतका धूप घालायची, इतका कापूर जाळायची… मला वाटायचं, काय भक्ती आहे. बायका नाकाला पदर लावून तिच्यापासून दूर का बसतात, ते मला कळलं नाही. तिसऱ्या वर्षी व्रताच्या सकाळी दात घासायला आघाड्याची काडीही हातात धरवेना. नवऱ्याने दवाखान्यात नेलं. गर्भपिशवीच्या तोंडाशी गाठ होती. तिथली डॉक्टरबाई विचारत होती, पहिला डाग दिसला तेव्हा का नाही आणलंत?"

"…तो काय म्हणाला?"

"तो म्हणाला, मायने व्रत दिलं होतं."

मालिनीने पुरचुंडी खाली ठेवायला हात पुढे केला, पण ठेवता येईना.

"विसर्जन नाही केलंत यांचं?"

"नाही."

मालिनी अगदी बारीक आवाजात म्हणाली,

"मला ठाऊक आहे, माय."

"काय?"

"की विटाळ असा नवरा जवळ आल्यावरच येत नाही. पण पाप असलं तर ते फेडता येतं… आजार असला तर मी काय करू?"

गिरिजामायने पहिल्यांदाच तिच्या हनुवटीला हात लावला.

"काय आहे ते ना तुला ठाऊक, ना मला. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईने मला नंतर सांगितलं, पाळी गेल्यावर अंग कोरडं पडतं, त्यानेही असं येतं. साध्या सुजेने येतं. कावेरीसारखंही असतं. तपासल्याशिवाय कळत नाही. मी तेव्हा डोळे मिटून सांगितलं होतं."

"तिथे मला निजवतील… बघतील…"

"बघतील."

"लाज वाटते हो."

"कावेरीलाही वाटत होती."

मालिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

गिरिजामाय आपल्या जागेवर जाऊन बसल्या. समोरची पोथी अजून त्याच ओवीवर उघडी होती. त्यांनी ती मिटून फडक्यात बांधली.

मालिनी दचकली. या मठात असं कधी झालं नव्हतं.

"माय! अध्याय अर्धा राहिला."

"राहू दे."

"दोष लागेल…"

"कावेरी गेली त्या दिवशी मी एक व्रत धरलं. एकच. बाईने डाग म्हटलं, की जिथे असेल तिथे पोथी मिटायची, आणि तिला दवाखान्याच्या वाटेला लावायची. खाली पाराशी तुझा नवरा थांबलाय ना?"

"हो."

"त्याला सांग, गाडी घराकडे वळवू नकोस. तालुक्याचा दवाखाना पाच वाजेपर्यंत उघडा असतो."

मालिनी उठली नाही. मांडीवरची कहाणी तशीच उघडी होती.

"आणि पंचमी, माय? परवाची पंचमी?"

गिरिजामायने बांधलेली पोथी बाजूला सारली.

"मी मिटली. आता तूही मिट."