पानाच्या कडेचा दोरा

“…पण ही दोन सख्खी भावंडं नाहीत, हे कशावरून ठरवलंस?”

दर्ग्याची देखभाल करणारे वृद्ध फकीर नबीलालबाबा यांनी हे विचारले, तेव्हा अभिराम निगडे पायरीवर बसून, झाडांना लावायच्या जातीच्या नावाच्या दोन पाट्यांपैकी पहिलीला तार ओवत होता.

माण तालुक्यातल्या उजाड माळावरच्या त्या दर्ग्यापुढे युक्काची दोन झाडे होती. एक दाराशी, दुसरे विहिरीपलीकडे. मूळची मेक्सिकोच्या वाळवंटातली. तलवारीसारखी पाने, टोकाला सुईसारखा काटा. ती कुणी आणून लावली, हे बाबांनाही ठाऊक नव्हते.

दोन वर्षे मापे घेऊन अभिरामने निष्कर्ष काढला होता की या दोन निरनिराळ्या जाती आहेत. त्याच्या प्रबंधाचे चौथे प्रकरण त्यावरच उभे होते. प्रबंध सोमवारी सादर व्हायचा होता.

“दोऱ्यावरून, बाबा. विहिरीकडच्या झाडाच्या पानांना कडेने पांढरे दोरे सुटतात. दाराशी आहे त्याची कड स्वच्छ. इतक्या जवळच्या जाती ओळखायच्या, तर अशीच बारीक खूण धरावी लागते.”

“एकाही पानाला दोरा नाही?”

“चारशे बारा पानं तपासली.”

“आणि अगदी मधली?”

अभिराम घुटमळला. “मधली… कोवळी असतात. शिवाय काटे.”

“म्हणजे झाडानं हाकललं म्हण की पंडिताला.”

बाबा उठले. दाराशी असलेल्या झाडात त्यांनी खालच्या अंगाने सावकाश हात घातला, आणि गाभ्यातले अर्धवट उलगडलेले पान बोटांनी बाजूला धरले.

कडेला पांढरे, कुरळे दोरे होते. विहिरीकडच्या झाडाला होते तसेच.

अभिरामने बाहेरच्या पानांच्या कडांवरून बोट फिरवले.

“मग बाकीच्या पानांचे कुठे गेले?”

बाबांनी मजारीकडे बोट केले. तिथे सकाळची मोगऱ्याची माळ होती. अभिरामने जवळ जाऊन ती निरखली. फुले ज्यात ओवली होती तो दोरा पांढरा होता, किंचित कुरळा.

“दाराशी आहे, हाताला येतं. रोज चार-दोन ओढून घेतो,” बाबा म्हणाले. “माझ्या आधी माझे गुरू घ्यायचे.”

दोन वर्षे येताजाता अभिरामने त्याच माळेपुढे हात जोडले होते.

“म्हणजे… दोन्ही एकच?”

“असं मी कुठं म्हटलं, बेटा? दोरा दोघांना आहे म्हणून जात एक, असं तुझं शास्त्र म्हणतं?”

“नाही.” त्याचा आवाज उतरला. “फळ पाहावं लागेल. ते गरदार की कोरडं, लोंबतं की उभं, त्यावरून बरंचसं सांगता येईल.”

“फळ तर मी कधी पाहिलं नाही.”

“धरणारच नाही, बाबा. त्याला एक इवलासा पतंग लागतो. तो परागांची गोळी करतो, तोंडाखाली धरतो आणि दुसऱ्या फुलात नेऊन ठेवतो. अंधारातसुद्धा आपलं झाड बरोबर ओळखतो. जवळपास प्रत्येक जातीचा पतंग ठरलेला. आणि तो इकडे नाही… सात समुद्रांपलीकडे राहिला.”

बोलता बोलता त्याची नजर वर गेली.

ऊन कलले होते. दोन्ही झाडांवर पुरुषभर उंचीचे तुरे उभे होते, आणि त्यांवर शेकडो पांढऱ्या घंटा एकेक करून उघडत होत्या.

“दरवर्षी फुलतात?” त्याने हळूच विचारले.

“एक साल चुकलं नाही. दुष्काळातसुद्धा.”

 अभिरामने पाटीची तार सोडवली, दोन्ही पाट्या पिशवीत ठेवल्या. त्याचे हात आपोआप जोडले गेले. कोणत्या झाडापुढे, हे त्यालाही सांगता आले नसते.

“बाबा, सोमवारी मी लिहू काय?”

बाबांनी विहिरीच्या कठड्यावरची कळशी उचलून त्याच्या हाती दिली.

“ज्याला ओळखता येतं तो अजून यायचाय. तोवर दोघांनाही पाणी घाल.”