धुराची पेठ

फार मागे कुमुदपूर नगरीवर वीरसेन राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या पदरी अमात्य होते. हातावर पोट असलेल्या लोकांनी स्वतःचा धंदा उभा करावा, म्हणून राजानं वेशीजवळ नवी पेठ वसवली. भट्टीवरचं काम येणाऱ्याला जागा फुकट, भट्टी राजाच्या खर्चानं, आणि धंद्याचा जम बसेपर्यंत कर माफ. राजाचं मन चांगलं होतं. फक्त, भट्टी घेऊन कोणी नुसतं बसू नये म्हणून त्यानं एक नियम केला. रोज सकाळी पहारेकरी बुरुजावरून बघतील. जिचा धूर दिसेल ती भट्टी चालू. जिचा दिसणार नाही ती काढून दुसऱ्याला द्यायची.

त्या पेठेत सोणा नावाची बाई लाह्या-फुटाणे भाजून विकत असे. नवरा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर गेला, तो परत आलाच नव्हता. पदरात तिस्सा, अजून नीट बोलताही न येणारी पोर. लाह्यांना गिऱ्हाईक संध्याकाळचं. सकाळी कुत्रंसुद्धा विचारत नसे. तरी उजाडलं की भट्टी पेटवावी लागे. सुकं लाकूड संध्याकाळसाठी राखायचं, म्हणून सोणा सकाळी ओला पेंढा कोंबायची. धूर कसा भसाभसा निघायचा. तिस्सा खोकत सुटायची, खोकून खोकून पोटातली पेज बाहेर टाकायची. तिला लांब ठेवावं तर कोणाजवळ? उद्या नाही पेटवायची, असं सोणा रोज ठरवायची आणि रोज पेटवायची. भट्टी गेली तर पेज तरी कुठून आणणार?

इकडे राजा गच्चीत उभा राहून तो धूर बघायचा आणि सुखावायचा. "अमात्य, तुमच्या देखरेखीखाली पेठ बघा कशी भरभराटली!" असं म्हणून त्यानं बोधिसत्त्वांना एक गाव इनाम द्यायचं ठरवलं.

इनाम घेण्याआधी पेठ जवळून बघावी, म्हणून बोधिसत्त्व एका सकाळी साध्या वेषात तिथं आले. सोणाच्या भट्टीपुढे थांबून म्हणाले, "बाई, मूठभर लाह्या द्याल?"

"संध्याकाळी या बाबा," सोणा वर न बघताच म्हणाली.

"मग भट्टी कशाला पेटवलीत?"

"धुरासाठी."

शेजारचा पूर्णक कुंभार हसला. त्याचीही भट्टी रिकामीच धुमसत होती. "पाहुणे नवे दिसता. अहो, आमच्या पेठेत धूर हाच माल. आणि गिऱ्हाईक एकच, ते गच्चीत उभं असतं!"

"पूर्णकदादा, हळू बोला," सोणा म्हणाली. तेवढ्यात तिस्साला उबळ आली. पोरीचे ओठ काळेनिळे झाले. सोणानं तिला उपडं धरून पाठ चोळली.

"असा नियम कोणी केला असेल?" बोधिसत्त्वांनी विचारलं.

"असेल कोणीतरी," सोणा म्हणाली. तिला राग यायचंही त्राण नव्हतं. "ज्याच्या घरात कोणी खोकत नाही, असं कोणीतरी."

 मग बोधिसत्त्वांनी आपण कोण ते सांगितलं. सोणा तिस्साला छातीशी धरून मागे सरकली.

"घाबरू नकोस. उद्या भट्टी पेटवू नकोस. मी राजाशी बोलतो."

"तुम्ही बोलाल हो," तिच्या तोंडून निघून गेलं. "पण भट्टी उपटायला येणारे तुम्हाला विचारून येतात का?"

दुसऱ्या दिवशी ती पेंढा हातात घेऊन भट्टीपुढे बसली. तिस्सा कुशीत नुकती कुठं झोपली होती. सोणानं भट्टीकडे पाहिलं, पोरीच्या छातीकडे पाहिलं. मग पेंढा बाजूला टाकला. होईल ते होवो.

उन्हं वर आली तसे दोन पहारेकरी पहारी घेऊन आले. "धूर नाही दिसला. ऊठ."

"पोर झोपलीय," एवढंच ती म्हणाली. उठली मात्र नाही.

एकानं पहार उचलली, तोच बोधिसत्त्व येताना दिसले. पायी येत होते. डोक्यावर छत्र नव्हतं, मागे सेवक नव्हते. त्यांनी राजमुद्रा दाखवली, तेव्हा पहारेकरी मुकाट्यानं माघारी फिरले.

"पूर्णकदादा, यांचं छत्र कुठं गेलं?" सोणानं हळूच विचारलं.

ते बोधिसत्त्वांनी ऐकलं. "भर दरबारात मी सांगितलं, महाराज, त्या धुराखाली धंदा नाही, नुसती भीती आहे. राजाला फार लागलं. इनाम गेलं, पद गेलं. पण सकाळपर्यंत त्याच्याही मनाला पटलं. त्यानं नियम मोडला आणि मला या पेठेचा साधा कारभारी केलं. आता संध्याकाळी फिरून कोणाचं काय विकलं, कोणाला काय कमी पडलं, ते मी विचारत जाईन. तुला काय कमी आहे, सांग."

सोणानं विचार केला. "झोप," ती म्हणाली. "बाकीचं संध्याकाळी सांगते."

बोधिसत्त्व हसले आणि पाय न वाजवता पुढे गेले.

जेतवनात ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा वीरसेन राजा म्हणजे या जन्मीचा भिक्षू आनंद. पूर्णक म्हणजे पलीकडे हसू दाबणारा तो भिक्षू. सोणा म्हणजे सगळ्यांच्या मागे मांडीवर लेकरू घेऊन पेंगत बसलेली ती उपासिका. तिला उठवू नका. आणि तो अमात्य मीच होतो."

आपलं इनाम जातंय हे दिसत असूनही खरं तेच बोलणं, ही सत्य पारमिता, म्हणजे सत्याची पराकाष्ठा होय.