हालतीवरची झुंबर

फार वर्षांपूर्वी, जोगतळ्याच्या काठाला अजून शहर येऊन टेकलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. आता जिथं उंच इमारतींचे दिवे पाण्यात पडतात तिथं तेव्हा नुसत्या बाभळी होत्या. आणि आता जिथं लोक रंगीत बूट घालून सकाळचे धावतात, तिथं शहाणं माणूस पाय ठेवत नव्हतं.

तळ्याच्या उगवतीला दूरवर दलदल पसरलेली होती. लव्हाळ्याची मुळं एकमेकांत गुंतून पाण्यावरच जमीन झालेली. तिच्यावर पाय दिला की माशी बसलेल्या गाईच्या पाठीसारखी ती थरथरायची. म्हणून लोक तिला हालती म्हणायचे. हालतीवर उभं राहिलं तर ती गिळते, चाललं तर पाय धरते आणि धावलं तर सोडते, असं म्हणतात.

काठावर लव्हाळी नावाचं गाव होतं आणि गावाचं पोट लव्हाळ्यावरच होतं. बाया तो कापायच्या, चटया विणायच्या, बाजारात नेऊन विकायच्या. पण चटईला लागतो तसा लांब, चिवट लव्हाळा उगवायचा हालतीच्या पार मधल्या उंचवट्यावर. तिथं जायची वाट गावात एकीलाच कळायची. ती म्हणजे भोयांची झुंबर.

झुंबर उंच, काटकुळी आणि जिभेची तिखट होती. नवरा नाही, मूल नाही, कुणाच्या दारात बसणं नाही. गावाला अशी बाई खुपतेच. दरसाल पावसाळा सरला की ती पाण्याकाठच्या वाळुंजाच्या झाडाच्या काठ्या काखेत मारायची आणि हालतीवर धावत सुटायची. धावता धावता एकेक काठी रोवायची. मग बायांनी त्या काठ्यांच्या कडेनं जायचं, लव्हाळा आणायचा. तिच्या पायाची बोटं बदकासारखी जोडलेली होती, असं म्हणतात. पाहिली होती कुणी? कुणीच नाही. पण म्हणायला काय लागतं!

गावात झुंबरवर सगळ्यात जास्त संशय होता तो सगुणाला. तिला कारणही होतं. तिचा नवरा सुभाना काही वर्षांपूर्वी पाखरं धरायला हालतीत गेला तो परत आलाच नाही. चार दिवसांनी त्याचं मुंडासं तेवढं तरंगत काठाला लागलं. सगुणा तेव्हा झुंबरच्या दारात जाऊन उभी राहिली होती.

"तुझ्या काठ्यांनी नेला माझा माणूस," ती म्हणाली.

झुंबर कोयत्याला धार लावत होती. तिनं मान वर केली नाही. "माझ्या काठ्यांवरनं गेला असता तर जेवायला घरी आला असता. बाईच्या वाटेनं जायची त्याला लाज वाटली. बापानं दाखवलेल्या वाटेनं गेला."

हे खरं असेल, असं सगुणाच्या मनात एकदाही आलं नाही. उलट तिनं विचार केला, हिला एवढं कसं ठाऊक? ही होती का तिथं? त्या दिवसापासून झुंबर दिसली की सगुणा पदर तोंडाला लावून तिच्या पायांकडं बघायची.

आणि नशीब कसं बघा, सगुणाची एकुलती एक लेक मैना हिला नेमकी झुंबरचीच ओढ. पोरगी सोळा-सतरा वर्षांची, पायाला भिंगरी. झुंबरच्या मागनं हालतीवर धावायची आणि घोट्यापर्यंतच चिखल घेऊन परत यायची, जिथं बाकीच्या बाया गुडघाभर भरायच्या.

"ती तुला गोड बोलून नेतीय," सगुणा म्हणायची. "बाप गेला, आता तू जा."

"गोड? आये, झुंबरमावशी गोड बोलली असं कुणी ऐकलंय का आजवर?" मैना हसायची. सगुणा हसायची नाही.

एका वर्षी पाऊस संपला, घट बसले. सगुणा सकाळी हालतीच्या कडेच्या बांधावर शेण वेचायला गेली आणि जागच्या जागी थबकली. हालतीवर झुंबर होती, आणि ती काठ्या रोवत नव्हती, उपटत होती! मागच्या सालच्या धडधाकट काठ्या एकामागून एक उपटायची, काखेत घालायची, पुढं पळायची. मग भलतीकडंच वळून दुसरीकडं रोवायची. सगुणा मनात म्हणाली, म्हणजे आपण उगाच नव्हतो म्हणत! चांगली वाट मोडते आणि माणसांना चिखलात घालते, असा हिचा धंदा आहे तर!

ती शेणाची पाटी तिथंच टाकून चावडीकडं पळाली.

पाटलांनी झुंबरला बोलावणं धाडलं. सारं गाव जमलं.

"काठ्या उपटल्यास हे खरं का?" पाटील म्हणाले.

"खरं. दरसाल उपटते."

"दरसाल!" असं म्हणून लोक एकमेकांकडं बघू लागले.

"पावसाळ्यात हालती सरकते, पाटील. वाट मागच्या साली होती तिथं ह्या साली नसते. जुन्या भोकात काठी घातली की मढं निघतं."

"जमीन सरकते? उद्या म्हणशील, देऊळ सरकतं!" पाटील हसले, तशी माणसंही हसली. "आमच्या बापजाद्यांनी बांधाचा दगड हलवला नाही कधी, आणि तू अख्खी वाट हलवतेस?"

लव्हाळीच्या माणसांची चूक झाली ती इथं. शेताच्या बांधाला जो न्याय लावायचा तो त्यांनी पाण्याला लावला. जिथली खूण तिथंच पाहिजे, हलवणारा चोर. त्यांनी झुंबरच्या नव्या काठ्या काढल्या आणि जुनी भोकं हुडकून हुडकून त्यांत परत बसवल्या. मग पाटील स्वतः त्या वाटेनं उंचवट्यापर्यंत जाऊन आले. जमिनीनं त्यांचं वजन पेललं.

"बघा! काय झालं मला?" ते म्हणाले.

"काही नाही. पाणी उतरलंय," झुंबर म्हणाली. "कोरड्यात लबाड जमीनसुद्धा पेलते."

तिला ताकीद मिळाली, हालतीत पाऊल टाकलंस तर पाय मोडू. झुंबर मग रोज बांधावर येऊन बसायची. नुसती बसायची, हालतीकडं डोळे लावून. तिच्यापासून चार हातांवर सगुणा चटई विणत बसायची, झुंबरकडं डोळे लावून. कोण कुणाची राखण करत होतं कोण जाणे.

मार्गशीर्षात लव्हाळा कापणीला आला. सकाळी बायका ओळीनं गेल्या, मैनाही गेली. ऊन स्वच्छ होतं. पण वरच्या अंगाला, डोंगरापलीकडं, रात्री अवकाळी पाऊस कोसळला होता, आणि तिथल्या धरणाचा बांध फुटला होता. इकडं कुणाला पत्ता नाही. आधी बगळे उठले. सगळे एकदम, न ओरडता. मग जोगतळं काठाकाठानं वर चढू लागलं.

झुंबर ताडकन उठली. सगुणानं तिचं मनगट धरलं.

"कुठं निघालीस? आता तिथं काय काम आहे तुझं?"

"हात सोड. संशय मागनं घे, तो कुठं पळून जातोय? पोरगी जाईल."

सगुणानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं नुसते पायच पाहिले होते. तिचा हात आपोआप सुटला.

झुंबर धावली. पाण्यावर तिच्या पावलांचा आवाज आला नाही, असं म्हणतात. ओणव्या झालेल्या लव्हाळ्याच्या शेंड्यांवरून ती गेली आणि शेंडे मोडले नाहीत, असंही म्हणतात. बांधावरून सगुणाला एवढंच दिसलं, की जुन्या काठ्यांच्या रेषेवर पाणी सगळ्यात आधी आलं, तिथं काळं डबकं झालं, आणि डोक्यावर भारे घेतलेल्या बाया त्याच रेषेनं परत निघाल्या होत्या. पुढची बाई कमरेइतकी गेली, तिला मागच्यांनी ओढून काढलं आणि सगळ्या रडत उंचवट्याकडं फिरल्या.

"भारे टाका!" झुंबरचा आवाज बांधापर्यंत आला.

"अगं, दिवसभराचं काम..."

"पोटासाठी कापलेलं पोटालाच खाईल! टाका, आणि माझ्या मागनं धावा. थांबायचं नाही. खाली बघायचं नाही. ज्या बाईला रडायचंय तिनं धावत रडावं!"

भारे पडले. झुंबर पुढं आणि बाया मागं, अशी ती ओळ निघाली. सरळ नाही, नागासारखी वळत, कधी उलटी तळ्याकडंच जात. सगुणाला वाटलं, नेलं हिनं, बुडवायलाच नेलं. पण कुणी बुडत नव्हतं.

मध्ये एक वळण होतं. तिथं एकच पाऊल चुकलं की खाली तळ नव्हता, आणि पाण्यानं ते वळण दिसेनासं झालेलं. खूण करायला झुंबरकडं काठी नव्हती. होती ती हातातली एकच, जिनं ती चाचपत आली होती. ती रोवली तर पाण्याच्या ओढीनं राहीना. मग झुंबरनं जे हालतीवर कुणी करायचं नसतं ते केलं. ती उभी राहिली. काठी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, आणि म्हणाली, "माझ्या खांद्याला हात लावा आणि इथनं वळा. पुढं बांध दिसतोय."

एकेक बाई तिच्या खांद्याला हात लावून वळली. प्रत्येकीला ती विचारायची, "मागं कोण?" बाई मागचीचं नाव सांगायची आणि पळायची. पहिलीनं हात लावला तेव्हा झुंबर घोट्यापर्यंत होती. मधल्या बायांना तिचा खांदा वाकून शोधावा लागला. सगळ्यात शेवटी मैना आली, तेव्हा पाणी झुंबरच्या हनुवटीला लागलं होतं.

"मागं कोण?"

"मागं कुणी नाही. मावशी, चल!"

"पळ," झुंबर म्हणाली. मैनानं तिचा हात ओढला, तेव्हा झुंबरनं तिला अशी शिवी हासडली की पोरगी दचकून पळाली. ती शिवी कुठली, हे गावानं कधी सांगितलं नाही. बांधावर पोचून मैनानं मागं पाहिलं. पाणी होतं आणि एक काठी होती.

पाणी ओसरल्यावर माणसांनी शोध शोध शोधलं. झुंबर सापडली नाही. काठीला मात्र पालवी फुटली होती.

गाव रडलं, पाटलांनी सगळ्यांसमोर डोईचं पागोटं उतरून ठेवलं. रडली नाही ती सगुणा. ज्या बाईनं इतकी वर्षं झुंबरवर संशय घेतला, तिनं आता तिच्या मरणावर संशय घेतला. "अख्खी हालती पायाखाली घालणारी बाई बुडेल?" ती म्हणायची. "मला नाही पटत. वाट बघत उभी आहे कुठंतरी." पुढच्या घटस्थापनेला तीच मैनाला घेऊन हालतीत उतरली, एकेक जुनी काठी उपटली आणि मैना धावत जाईल तिथं नवी रोवली. पाटलीण त्यांच्या मागनं काठ्या वाहत होती.

आता हालतीला सरकारी कुंपण आहे, पाखरांच्या चित्रांची पाटी आहे, धावायच्या वाटा आहेत. पण घट बसले की त्या वाटा बंद होतात. लव्हाळीच्या बाया सगळ्या खुणा उपटतात आणि जागा बदलून रोवतात, जुन्या भोकात एकही नाही. साहेब लोक कागदावरचा नकाशा दाखवतात, बाया ऐकत नाहीत. वळणावर वाळुंजाचं मोठं झाड आहे, दरसाल ते थोडं सरकतं, असं म्हणतात. धावणारा कितीही दमलेला असो, तिथं थांबत नाही, खोडाला हात लावतो आणि वळतो.

आणि घोळक्यात जो सगळ्यात मागं राहिलेला असतो, त्याला कुणी हसत नाही. त्याच्याकडं काम असतं. झाडाला हात लावून त्यानं मोठ्यानं सांगायचं असतं, "मागं कुणी नाही, मावशी. आता चल."