पाण्यातून आलेली गाडी

गाडीसकट खाडीत बुडालेल्या दामोदरचा देह सापडलाच नाही. पुढे एका धुकट पहाटे त्याच्या बायकोने, इंदुमतीने, दार उघडले. ओल्या वाळूत चाकांचे ताजे ठसे होते, पाण्यापासून थेट अंगणापर्यंत.

गाव गोळा झाले. तेवढ्यात तिचे थोरले दीर, सरपंच बापूसाहेब, जीप घेऊन वाळूत उतरले.

"दामू पाण्यातून वर आला होता," ते गंभीरपणे म्हणाले. "तुझ्या दारात उभा राहून गेला. त्याला हे घर रिकामं हवंय. माझ्या नावावर कर आणि माहेरी जा."

इंदुमतीच्या अंगावर काटा आला. तरी ती वाकून ठसे निरखू लागली. नवऱ्याबरोबर ट्रॅक्टरने होड्या ओढताना चाकाच्या नक्षीवरून गाडीची दिशा ओळखायला ती शिकली होती.

"भावोजी, ही गाडी अंगणातून निघून पाण्यात गेलीय."

होड्या ओढणाऱ्या इतरांनीही ठसे पाहून माना डोलावल्या.

"मूर्खांनो, ती पाण्याकडूनच आली!" बापूसाहेब कडाडले.

"ठसे बघणाऱ्याला ती गेलेली दिसते," इंदुमती शांतपणे म्हणाली. "आली हे चालवणाऱ्यालाच ठाऊक असणार."

सगळ्यांच्या नजरा जीपकडे वळल्या. नक्षी तीच होती. नवे टायर चुकून उलटे बसवले होते. चाक कुठल्या दिशेने फिरावे हे दाखवणारे त्यांच्यावरचे बाण मागे वळलेले होते.

बापूसाहेब जीप तिथेच टाकून पायी निघाले. भरतीचे पाणी चाकांना लागले, तरी ती ओढायला कोणीही पुढे झाले नाही.